बिरोबाच्या देवळातला पांढरा मार्बल

आमच्या घरात दगडाला एकच काम होतं. तीन दगड मांडायचे, चूल पेटवायची आणि मुक्काम हलला की ते तिथंच सोडून पुढं जायचं. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे, ते पावसाच्या तोंडाशी परत. आई त्यांच्याबरोबर. धाकटी बहीण घोड्यावरच्या बोजात, कोकरांच्या शेजारी बसलेली. खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्यानं धान्य द्यायचं, असा व्यवहार. धान्य चांगलं निघालं तर भाकरी चांगली, नाहीतर कण्या. मला मात्र शिरूरला आत्याकडं ठेवलं होतं. आमच्या वाडीत एसटीची पाटी वाचणारं कुणी नव्हतं आणि दर वेळी दुसऱ्याला विचारायची वडिलांना भारी चीड होती.

मी अकरावीला असताना एका हिवाळ्यात मेंढरांना रोग पडला. वडील परत आले तेव्हा मागं कळप नव्हता, नुसती दोन कुत्री होती. त्यानंतर ते भीमेच्या काठानं लोकांच्या उसाला पाणी धरायला जाऊ लागले. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीनं चाललेला माणूस, त्याला कुणीतरी पाणी पुढच्या सरीत वळव, ‘बारं मोड’ म्हणून सांगायचं आणि त्यानं मोडायचं. मी कॉलेज सोडतो म्हणालो तर म्हणाले, “मेंढरं गेली ती गेली. तू बी गेलास तर मग काय राहिलं?” मी सकाळी पिठाच्या गिरणीत आणि दुपारी कॉलेजात असं करत बी.कॉम. झालो. सेकंड क्लास. आमच्या वाडीतला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही.

नोकरी लागली ती नगर रस्त्यावरच्या मार्बलच्या गोडाऊनमध्ये. शेठ राजस्थानचे. त्यांनी मुलाखतीत एकच विचारलं, “गिऱ्हाइकाला बोलत बसवून ठेवता येईल का?” मी म्हणालो, “मेंढरं बसवलीत, गिऱ्हाईक का नाही बसणार?” ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून या म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी ‘बीकॉम’ झालो. “बीकॉम, जरा इकडं या.” “बीकॉम, ह्यांना हिरवा दाखवा.”

ती वर्षं मार्बलची होती. रांजणगावला कारखाने येत होते, कॅनॉलच्या पट्ट्यात ऊस पिकत होता, घोड नदीच्या काठची मंडळी मातीची घरं पाडून बंगले बांधत होती. आणि बंगला म्हटलं की मार्बल. लोकांच्या तोंडी चकाकणारा प्रत्येक दगड मार्बलच होता. बाईला ओट्यासाठी काळा मार्बल हवा असायचा, तो असायचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा. पायऱ्यांसाठी हिरवा मार्बल मागायचे, तो निघायचा कोटा. मी पहिले काही महिने प्रत्येकाला समजावून सांगत बसलो. मग शेठ म्हणाले, “बीकॉम, कॉलेज सुटलं. तो जे नाव घेतो, तेच नाव घ्या. फक्त दगड बरोबर द्या.” धंद्यातलं मी ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं मार्बल म्हणजे फरशी आणि पुतळे. आमच्या गोडाऊनमधून मात्र काहीच वाया जायचं नाही. मोठी लादी बंगल्याला. तुकडे तुळशीवृंदावनाला आणि उंबऱ्याला. बारीक खडी मोझॅकच्या टाइलवाल्यांना. कापताना पडणारी पूड वाळवली की तिची रांगोळी. दिवाळीच्या आधी शिरूरच्या बाजारात रांगोळी विकणाऱ्या सरूबाई पोती भरून पूड न्यायच्या. पूड दोन बोटांत धरून सोडून बघायच्या आणि नापास करायच्या. “ही घसरंना. ठिपका बसतुय, पर रेघ तुटतीय. तुमच्या दगडात चिकटपणा हाय.” त्यांच्या बोटांपुढं आमचं काही चालायचं नाही, आम्ही पुन्हा चाळून द्यायचो.

दौंडहून एक पोल्ट्रीवाले यायचे, ते कोंबड्यांसाठी मार्बलची खडी न्यायचे. अंड्याच्या टरफलाला कॅल्शियम लागतं ना, म्हणून. फरशीच्या गिऱ्हाइकांना मी चहा पाजायचो तेव्हा हे गृहस्थ शेजारी बसून सांगायचे, “तुम्ही लोकं नुसतं चालताय त्याच्यावर. आमच्या कोंबड्या खात्यात.” दौंडचाच एक म्हातारा बेकरीवाला आला. रेल्वेच्या जुन्या वस्तीतला, टोपी घालणारा. त्याला टेबलाएवढी लादी हवी होती. दगड थंड राहतो, कणीक मळताना लोणी वितळत नाही, म्हणून. त्यानं सगळ्या लाद्यांवर गाल टेकवून बघितला आणि सगळ्यात भेगाळ दिसणारी निवडली. मी म्हणालो, “काका, हिच्यात रेघा फार आहेत.” तो म्हणाला, “दिसायला कुणाला पाहिजे? गार आहे.” नाताळात त्यानं आम्हाला केक पाठवला. आत पांढऱ्या-काळ्या लाटा. त्यालाही मार्बल केकच म्हणतात. शेठनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, “कोणत्या खाणीचा?”

फरशी बसवायचं आणि पॉलिशचं काम मांगीलालकडं होतं. शेठच्या गावचा. त्यानं मला दगड शिकवला. “पत्थर पीता है, बीकॉमजी,” हे त्याचं वाक्य. मार्बल वरून काचेसारखा दिसतो, पण तो पितो. चहा पितो, तेल पितो, खालचं काळं सिमेंटसुद्धा पितो, म्हणून पांढऱ्या लादीखाली पांढरंच सिमेंट घालायचं. आणि त्याला आंबट सोसत नाही. लिंबाचा थेंब टाकला की फसफसतो आणि तिथली चमक मरते. खरा मार्बल ओळखायची परीक्षा म्हणून मी गिऱ्हाइकासमोर तुकड्यावर लिंबू पिळून दाखवायचो. मांगीलाल दिवसभर त्या पांढऱ्या धुळीत असायचा, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तोंडाला पंचा बांधायचा तेवढाच. पुढं त्याला खोकला लागला आणि तो गावी गेला. आमच्यापैकी कुणालाच त्या धुळीचं काही वाटलं नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता देवळाचं सांगतो.

आमची वाडी वडगाव रासाईच्या अलीकडं, धनगरांची. वाडीला बिरोबाचं देऊळ होतं, चार भिंती आणि वर पत्रा. मेंढरं सोडून लोक शेतीला लागले, पोरं कंपनीत लागली, तसं पंचांनी ठरवलं की देऊळ नवं बांधायचं. गाभारा झाला, पुढं मंडपाचे खांब उभे राहिले. मंडपाचा स्लॅब नंतर टाकायचा होता, तोवर वर पत्रे. फरशीची वेळ आली तेव्हा वडिलांना नुकतंच पंचांत घेतलं होतं. जन्मभर बाहेर हिंडलेला माणूस, गावच्या निर्णयात त्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती. पंचांनी कोण कुठून दगड आणणार असं विचारलं, तर वडील म्हणाले, “माझं पोरगं हाय तिथं. मी जामीन.”

पंचांचे प्रमुख गेनू आप्पा. मी त्यांना आणि वडिलांना गोडाऊनमध्ये फिरवलं आणि कोट्याच्या लाद्यांपुढं उभं केलं. म्हणालो, “आप्पा, आपल्या देवळात भंडारा उधळतात. हळद आहे ती. पांढरा दगड पिऊन टाकेल. हा घ्या, हिरवट आहे, काही दिसणार नाही.”

“आन् नदीपल्याडच्यांनी कंचा घातलाय?”

“पांढरा.”

“मग?”

“त्यांच्याकडं विठोबा आहे आप्पा. तिथं बुक्का, तोसुद्धा चिमूटभर.”

“आमचा देव काय कमी हाय का? पिवळं झालं तर झालं. देवाचंच हाय.”

पांढरा गेला. मांगीलालनं जीव ओतून बसवला. पॉलिश झाल्यावर खांब खाली उलटे दिसायचे. म्हातारी माणसं आत यायला धजेनात, पाणी आहे असं वाटायचं.

चैत्रात जत्रा झाली. ढोल, गजनृत्य, आणि भंडारा असा की समोरचा माणूस दिसू नये. फरशी पिवळीधमक झाली. कुणालाच काही वाटलं नाही. खरी गोष्ट जत्रेनंतर झाली. वैशाखात, अक्षय तृतीयेला कळस चढवायचा होता आणि पंचक्रोशीतल्या वाड्या येणार होत्या. माझा चुलतभाऊ सोपान रांजणगावला कंपनीत होता. तो तरुण मंडळाच्या पोरांना म्हणाला, कळसाच्या आधी फरशी चकाचक करू. कंपनीत फ्लोअर जसा पावडर टाकून धुतात तसा. बाजारातून धुण्याची पावडर आणि सोडा आणला आणि पोरांनी खराट्यानं घासून मंडप धुतला.

मला गोडाऊनवर वडिलांचाच फोन आला. त्यांनी आयुष्यात मला केलेला पहिला फोन. शेजारच्या कुणाकडून नंबर लावून घेतला होता. म्हणाले, “हितं ये. फरशी लाल झालीय.”

“लाल म्हणजे?”

“कापल्यासारखी.”

एसटीनं गेलो. देवळापुढं सगळी वाडी उभी होती, पण आत कुणी नव्हतं. उंबऱ्यापासून गाभाऱ्यापर्यंत लाल. सांडून वाळत आलेल्या रक्ताचा असतो तसा रंग. ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बकरं आमच्यात कापतात, पण लांब, माळावर. देवळात रक्ताचा थेंब चालत नाही. आणि आता जो बघेल तो म्हणणार की ह्यांनी मंडपातच बकरं कापलं. नदीपल्याड बातमी पोचलीही होती.

कुणी म्हणत होतं देव कोपला. कुणी म्हणत होतं दगड डुप्लिकेट आहे, आतला रंग वर आला. गेनू आप्पा पारावर बसले होते. शेजारी वडील, मान खाली. आप्पा मला म्हणाले, “ये, साहेब. तुझ्या बापानं जामीन दिला व्हता. आता काय करायचं?”

“धुतलं कशानं?”

सोपाननं पावडरचा पुडा दाखवला. मला सुटल्यासारखं झालं. पंचांत सगळ्यांसमोर मी मार्बलचा एक फुटका तुकडा घेतला, त्याच्यावर चिमूटभर भंडारा चोळला आणि वर पावडरचं पाणी ओतलं. तुकडा त्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

“हळदीत चुना घालून कुंकू करतात ना आप्पा, तसंच आहे हे. सोड्यानं झालंय.”

आप्पांनी तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. “म्हंजी देव न्हाई कोपला?”

“देव नाही. पावडर कोपली.”

दोन-तीन म्हाताऱ्या हसल्या. आप्पा हसले नाहीत. “बरं. कशानं झालं त्ये कळलं. जाणार कवा?”

ह्याचं उत्तर सोपाननं दिलं. मी बोलत होतो तोवर तो संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आत गेला होता आणि खांबाजवळ ओतून मोकळा झाला होता. लाल होतं तिथं क्षणात पिवळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी धावलो, पण फेस येऊन गेला होता. पाणी मारलं, आप्पांना आत नेलं आणि त्यांचा हात धरून त्या जागेवर टेकवला. दगड मेंढराच्या जिभेसारखा खरबरीत झाला होता.

“ॲसिडनं सगळी फरशी अशी होईल, आप्पा. रंग जाईल आणि दगडही जाईल.”

आप्पा उठून उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कळसाच्या आधीच्या सोमवारपातुर बघीन. पांढरी झाली तर झाली. न्हाईतर उखडून दुसरीकडनं आणायची. आन् मग ज्यानं जामीन दिला त्यानं पंचांत बसायचं न्हाई.”

वडील नुसते उठले आणि घराकडं गेले.

मी शेठकडं सुट्टी मागितली. ते म्हणाले, “जा. दगड आपला आहे.” मांगीलालला मी विचारलं, तर तो म्हणाला लाल पाण्यानं उतरेल, पिवळ्याचं सांगता येत नाही. पण पिवळ्याचं मला सुचलं होतं. खंडेनवमीला आम्ही गोडाऊनमध्ये लाद्यांची पूजा करायचो, हळदीकुंकवाची बोटं ओढायचो. आत ठेवलेल्या लाद्यांवरची हळद वर्षभर तशीच राहायची आणि मांगीलाल घासून घासून कंटाळायचा. दाराबाहेर उन्हात लाकडी घोडीला टेकवून ठेवलेल्या लाद्यांवरची मात्र दिवाळीपर्यंत उडून जायची. बाजारचं रंगाचं कुंकू राहायचं, हळद जायची. रोज बघत होतो, कारण दार उघडायचं काम माझंच होतं.

आधी पाणी. नुसतं पाणी, पावडर नाही, काही नाही. अख्खी वाडी विहिरीवरून कळशा आणत होती. ज्या पोरांनी सोडा टाकला होता तीच पोरं सोपानसकट पाणी ओढत होती आणि बायका त्यांना टोमणे मारत होत्या. “काय रं सोपाना, कंपनीत असंच का? प्रमोशन हाय का ह्याच्यात?” पाणी मारायचं, काढायचं, सुकू द्यायचं, पुन्हा मारायचं. लाल हळूहळू विटकरी झालं, मग तांबूस, मग पुन्हा पिवळं. पिवळं झाल्यावर निम्मी वाडी खूश झाली. पण आप्पांचा शब्द पांढऱ्याचा होता, आणि सोडा आत गेलेल्या त्या पिवळ्यात जुनाट डागाची एक छटा होती.

मी म्हणालो, “वरचे पत्रे काढा.”

ह्याच्यावर वाद झाला. वैशाख तोंडावर, वर सावली नको म्हणतोय हा. पत्रे बसवणारा मंडपवाला म्हणाला पुन्हा बसवून मिळणार नाहीत. शेवटी आप्पा म्हणाले, “काढा. उखडायचीच हाय तर उन्हात उखडू.”

पत्रे निघाले. पहिले काही दिवस काहीच फरक दिसेना. एका संध्याकाळी वडील देवळाशी आले आणि कडेला उकिडवे बसले.

“खरं सांग. जातंय का?”

“जाईल, दादा.”

“तुला कसं म्हाईत?”

“गोडाऊनच्या दारातल्या लाद्यांवरची जाते.”

“दुकानाची लादी आन् देवाची फरशी एकच व्हय?”

“दगड एकच आहे.”

त्यांनी फरशीवर बोट ओढून बघितलं. म्हणाले, “पंचांत बसायची मला हौस न्हाई. पर उठवून घालवलं म्हंजी वाईट.” आणि गेले. मला त्या रात्री झोप लागली नाही हे काही सांगायला नको.

मग एका सकाळी फरक दिसला, आणि तो आधी सावलीनं दाखवला. खांबांची सावली जिथं दिवसभर फिरायची तो पट्टा पिवळा राहिला होता आणि दोन्ही बाजूंना दगड उजळला होता. मी ओरडत पारावर गेलो नाही. आधी हातानं चोळून बघितलं, धूळ तर नाही ना. मग आप्पांना बोलावलं. ते येऊन नेमके मधोमध उभे राहिले.

“आप्पा, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतीय.”

“आता माझी सावली बी धुवायची व्हय?” म्हणाले, पण बाजूला झाले.

एक जागा उरली. गाभाऱ्याच्या दारापुढची. तिथं गाभाऱ्याच्या छज्ज्यामुळं ऊन पोचतच नव्हतं, आणि दर्शनाला माणूस नेमका तिथंच वाकतो. ह्यावर तोड माझ्या आईनं काढली. जत्रेच्या जेवणावळीच्या स्टीलच्या पराती देवळातच होत्या. तिनं एक परात उन्हात तिरकी धरली आणि कवडसा दारापुढं पाडला. मग काय, वाडीतल्या सगळ्या पराती निघाल्या. ऊन सरकेल तशी बायकांनी त्या विटा लावून सरकवायच्या. मध्येच एखादीनं कवडसा सोपानच्या डोळ्यांवर मारायचा. नदीपल्याडचे दोघे बघायला आले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर गेनू आप्पांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, “देवाला ऊन दाखवतोय. तुमच्यात न्हाई का पद्धत?”

सोमवारी पंच आले. आप्पांनी चप्पल काढून मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. दारापुढं वाकून फरशीवर हात फिरवला, हाताला काही लागतंय का बघितलं. खांबांजवळ फिकट पट्टे होते, ते कुणी मुद्दाम शोधले तरच दिसावेत असे. सोपानच्या ॲसिडची जागा तेवढी खरबरीत होती. आप्पा म्हणाले, “हितं दानपेटी ठिवा.” मग वडिलांकडं वळले. “चला, पंच. बसू. कळसाचं ठरवायचं हाय.”

वडील त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी मंडपाबाहेर आलो, कळशीला तोंड लावून पोटभर पाणी प्यालो आणि पारावरच झोपलो. दुपारी उठवलं तेव्हा उन्हानं अंग भाजलं होतं.

कळसाच्या दिवशी सगळ्या वाड्या आल्या. पांढऱ्या फरशीवर लोक पाय जपून टाकत होते. कळस वर गेला आणि भंडारा उधळला. अर्थातच उधळला, त्याशिवाय कळस कसला? फरशी पुन्हा पिवळीधमक. मी आप्पांकडं बघितलं, ते पिवळे झालेले, भुवयासुद्धा. माझ्या कानाशी येऊन ओरडले, ढोलात नीट ऐकू येत नव्हतं म्हणून, “आता कुणी धूत न्हाई. ऊन हाय.”

स्लॅबच्या वेळी पंचांनी माझं ऐकलं. मंडपाच्या कडेनं स्लॅब टाकला, मधला भाग आणि गाभाऱ्यापुढची जागा उघडी ठेवली. पावसाचं पाणी जायला आम्ही एका अंगाला मोरी काढून दिली.

पुढं काही वर्षांनी मी दौंडला स्वतःचं दुकान टाकलं. पहिली गिऱ्हाइकं आसपासच्या वाड्यांचे पंच होते. प्रत्येकाला मी आधी कोटाच दाखवला आणि प्रत्येकानं पांढराच नेला. आता मार्बल कुणी फारसा मागत नाही, टाइल आल्या. दुकान मुलगा बघतो.

वडील शेवटपर्यंत पंचांत होते. चैत्रात जत्रा झाली की देवळातली फरशी पिवळी होते आणि पावसाच्या आत उन्हानं पांढरी होते. आजपर्यंत तिथली एकही लादी बदलावी लागलेली नाही.